फर्स्ट इयरवाल्यांनो, कॉलेज काऊन करावं म्हणून विचारून राहिले न, तर ऐका

क्लासला न जाता युट्यूबवर पाहून पास होता येते हे खरंच आहे, मी पण पहिल्या वर्षी हेच केलं, बी.एस्सी.ला होतो, हजेरी ७५ टक्के लागते हे माहीत असून लेक्चर सोडून नागपूरच्या बर्डीत फिरत राहिलो अन् शेवटी प्रॅक्टिकलला बसायची वेळ आली तं ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब द्रव सोडायची मापाची काचेची नळी, कशी धरायची तेच येत नव्हतं. हात थरथरत होते. बाजूच्या पोरीनं हळूच दाखवलं, नॉब डाव्या हातानं फिरवायचा, उजव्या हातानं फ्लास्क हलवायचा अन् रंग फिक्का गुलाबी झाला की तिथंच थांबायचं. हे व्हिडिओत शंभरदा पाहून पण हाताला येत नाही रे.

दुसरं म्हणजे पैशाचं. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा ऑनलाइन फॉर्म शेवटच्या तारखेवर ठेवू नका, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा अन् बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आजच जाऊन विचारा. माझं नव्हतं, स्कॉलरशिप किती महिने अडकली, घरी बाबांना सांगायची हिंमत होत नव्हती.

पुस्तकं जुनी घ्या, सीनियरला मागा, लाजू नका.

अन् गावाकडून येऊन रूम करून राहणाऱ्यांनो, भंडारा असो की गडचिरोली, पहिले दोन महिने लय एकटं वाटते. तेव्हा रूमवर पडून राहू नका, लायब्ररीत येऊन बसा. मले माझे दोन्ही जिवाभावाचे दोस्त तिथंच भेटले.