येतं सगळं, पण लापरवाह आहे

"मॅडम, येतं तिला सगळं. घरी बसून सोडवते. पेपरात गेली की चिन्हं चुकवते. हुशार आहे, पण लापरवाह आहे."

वडील बोलत होते आणि मुलगी खिडकीबाहेर बघत होती. रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीची खिडकी गल्लीत उघडते. तिथे बघण्यासारखं काही नाही, एक बंद पडलेली स्कूटर उभी असते. आजवर किती मुलांनी ती स्कूटर पाठ केली असेल, देव जाणे.

इंदूरच्या मराठीत 'निष्काळजी' हा शब्द फारसा ऐकू येत नाही, 'लापरवाह'च येतो. सहामाहीचे पेपर हातात पडले की दरवर्षी दोन-चार घरं हाच शब्द घेऊन माझ्याकडे येतात. म्हणून त्यातली ही एक हकिकत लिहिते. ओळख पटू नये म्हणून घरादाराचे तपशील बदलले आहेत, गणितं मात्र तीच ठेवली आहेत. मुलगी एक्स-वाय म्हणायची, मी इथे क्ष आणि य लिहिते.

मुलगी बारावीत. घर सुदामा नगरला, शाळा सीबीएसईची, संध्याकाळी भंवरकुआँला कोचिंग. सहामाहीत गणितात ८० पैकी ४१ पडले आणि तेव्हापासून गणिताच्या दिवशी सकाळी पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही. आईनं सांगितलं, "पोहेसुद्धा नको म्हणते." इंदुरात पोरगी पोहे नको म्हणते, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

वडिलांचे दोन प्रश्न होते. पहिला, पुढे गणिताची शाखा नकोच का धरायची? त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. पोट दुखत असताना असले निर्णय घेऊ नयेत. दुसरा जरा खाली मान घालून विचारला : "ते डिस्कॅल्क्युलिया म्हणतात, तसं काही नाही ना?" हा प्रश्न हल्ली फार येतो. आकड्यांशी मुळातच न जुळण्याची ती अडचण असली तर सहसा लहानपणीच दिसते. मोजणं, लहान-मोठं ओळखणं, पाढे, घड्याळ, सुटे पैसे, सगळीकडेच मूल अडखळतं. ही मुलगी पहिलीपासून गणितात बरी होती आणि आत्ताही डेरिव्हेटिव्हचे प्रश्न बिनचूक सोडवत होती. शंका घ्यायला मला काहीच कारण दिसलं नाही, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं.

मग आई-बाबांना बाहेर बसवलं आणि तिला म्हटलं, "पेपर आणलेस? दाखव."

ती चमकली. समुपदेशक पेपर मागत नाहीत, 'कसं वाटतं' ते विचारतात. मीही पूर्वी तेच करायचे. एका मुलाला मी दोन महिने दीर्घ श्वसन शिकवलं होतं. तो श्वास उत्तम घ्यायला लागला, अपूर्णांक त्याला शेवटपर्यंत आले नाहीत. तेव्हापासून मी वही आधी उघडते. होळकर कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. केलं होतं, ते असं तीस वर्षांनी कामी येतंय.

चुका खरंच चिन्हांच्याच होत्या. पण त्या विखुरलेल्या नव्हत्या. एकाच जागी साचल्या होत्या, असमतांमध्ये, म्हणजे बरोबरच्या जागी लहान-मोठ्याचं चिन्ह असलेल्या गणितांत. (कोचिंगमध्ये 'असमिका' म्हणतात, शाळेत 'इनइक्वॅलिटी'. घरी त्याला काहीच म्हणत नाहीत.) लापरवाह माणूस सगळीकडे सांडतो. हिचं सांडणं एकाच कोपऱ्यात होतं.

कोचिंगच्या उजळणी चाचणीतला हा प्रश्न बघा : −२क्ष + ३ < ११. ऋण संख्येनं भागायला नको म्हणून तिनं क्ष उजवीकडे नेला. ३ − ११ < २क्ष, म्हणजे −८ < २क्ष, म्हणजे −४ < क्ष. अगदी बरोबर. आणि खाली संख्यारेषेवर −४ पासून डावीकडे जाणारा जाड बाण. तिथे लाल काट.

"डावीकडे का गं?"

"चिन्हाचं टोक डावीकडे आहे ना, मॅडम."

म्हणजे ती चिन्ह वाचतच नव्हती. रस्त्यावरचा दिशादर्शक बाण बघावा तसं बघत होती. क्ष डाव्या हाताला लिहिलेला असेल तोवर ही युक्ती चालते. क्ष < ५, डावीकडे जा. क्ष > ५, उजवीकडे जा. दहा गणितांत नऊ वेळा क्ष डावीकडेच असतो, म्हणून नऊ वेळा मार्क मिळतात. दहाव्या वेळी तो उजवीकडे येतो आणि घरचे म्हणतात, लापरवाह.

मी म्हटलं, "मोठ्यानं वाच. मराठीत."

ती अडली. मग हळूहळू : "उणे चार... क्षपेक्षा लहान आहे."

"मग क्ष कसा आहे?"

"उणे चारपेक्षा मोठा." थोडं थांबून, "अरे!"

"शून्य घालून बघ."

३ < ११. खरं. आणि शून्य −४ च्या उजवीकडे. तिनं स्वतःच बाण खोडला. एक संख्या घालून बघायची हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते फक्त समीकरणाचं उत्तर ताडून पाहायला असतं अशी तिची समजूत होती. समीकरणाला एक उत्तर असतं, ते सापडलं की खाली दोन रेघा मारायच्या. असमतेत रेघा मारायच्या कुठे? "उत्तर संपतच नाही, मॅडम. संपलं असं वाटतच नाही," असं ती म्हणाली. माझ्या मते तिचं पोट दुखायला सुरुवात इथूनच झाली होती.

ऋण संख्येनं गुणलं की चिन्ह का उलटतं, हे तिला नियम म्हणून पाठ होतं. कारण विचारलं तर "सरांनी सांगितलं." मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची वही काढली, तोंडीच. एकाच्या खिशात ३०० आहेत, दुसऱ्याच्या ५००. कुणाकडे कमी? ३०० < ५००. आता पैसे नाहीत, तेवढीच उधारी आहे. आता कोण जास्त खड्ड्यात? पाचशेवाला. −३०० > −५००. शून्याच्या पलीकडे गेलं की आरशात दिसतं तसं सगळं उलटं होतं. तिनं वहीत शून्यावर एक उभी रेघ मारली आणि बाजूला 'उधारी' असं लिहिलं. ते पान नंतर तिच्या सरांनी पाहिलं तेव्हा काय वाटलं असेल, कल्पना नाही.

त्या दिवशी तिनं एक मजेशीर प्रश्न विचारला : ही चिन्हं काढली कुणी? सुदैवानं मला ठाऊक होतं. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डनं १५५७ साली छापलं. लहान-मोठ्याची चिन्हं टॉमस हॅरियटच्या पुस्तकात आली, तीही तो गेल्यावर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये. आणि खाली रेघा देऊन 'किंवा बरोबर' दाखवायची पद्धत फ्रान्सच्या प्येर बुगेरनं १७३४ मध्ये वापरली. "म्हणजे मोठ्यांनाही वेळ लागला," ती म्हणाली. मी मान हलवली. तेवढंच पुरे होतं.

आलेखाचं दुखणं वेगळं होतं. रैखिक प्रोग्रामनच्या, म्हणजे दिलेल्या अटींत बसणारं सगळ्यात फायद्याचं उत्तर आलेखावरून शोधायच्या प्रश्नात तिला क्ष − य ≤ २ चा भाग रंगवायचा होता. रेषा छान काढली होती, पट्टीनं. पण रंग खालच्या बाजूला. कारण? "लहान म्हणजे खाली." परत तोच बाण, आता उभा झालेला. आरंभबिंदू (०, ०) घालून बघितलं : ० ≤ २, खरं. म्हणजे आरंभबिंदू ज्या बाजूला आहे ती बाजू, आणि ती इथे रेषेच्या वर येते. य च्या आधी उणे चिन्ह आहे ना! रेषाच आरंभबिंदूतून जात असेल, जसं य ≥ २क्ष, तर दुसरा कुठलाही बिंदू घ्यायचा. (१, ०) घेतला तर ० ≥ २, खोटं, म्हणून पलीकडची बाजू. हे पाच मिनिटांत तिच्या हातात बसलं.

मग मला प्रश्न पडला की हे पाच मिनिटांचं काम कुणी आधी का केलं नाही. तिची अकरावी-बारावीची पुस्तकं मागवली. २०२२-२३ मध्ये एनसीईआरटीनं अभ्यासक्रम हलका केला तेव्हा अकरावीच्या असमतांच्या धड्यातून दोन चलांचा (क्ष आणि य दोन्ही असलेला) आलेखाचा भाग काढून टाकला. एका चलाचा राहिला, संख्यारेषेपर्यंत. बारावीत मात्र रैखिक प्रोग्रामन आहे, आणि ते बाजू रंगवल्याशिवाय एक पाऊल पुढे जात नाही. मधली पायरी काढली आणि वरच्या पायरीवर पोरं उभी केली. चांगला शिक्षक ती पायरी आपण होऊन भरून देतो. गर्दीच्या कोचिंगमध्ये "ये तो ग्यारहवीं में हो गया" म्हणून पुढे जातात. हे मी वडिलांना पुस्तक उघडून दाखवलं. ते बँकेत आहेत, कागदावर विश्वास ठेवतात. बराच वेळ पान उलटत राहिले.

तिसऱ्या भेटीला आई एकटीच सोबत आली होती. ती दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते. बोलता बोलता म्हणाली, "मला बाई तुमचं ते एक्स-वाय काही कळत नाही." मी म्हटलं, बसा इथेच. एका किलो चकलीला किती वेळ? दोन तास. शंकरपाळ्यांना? एक. दिवसाला हातात किती तास? दहा. डबे? किलोकिलोचे सात. चकलीवर किलोमागे १२० रुपये सुटतात, शंकरपाळ्यांवर ८०.

मुलीनं लिहिलं : २क्ष + य ≤ १०, क्ष + य ≤ ७. मी विचारलं, अजून काही? ती गप्प. आई म्हणाली, "उणे चकली काय करणार आहेस?" क्ष ≥ ०, य ≥ ० असं लिहिताना पोरगी हसली. माझ्या खोलीत पहिल्यांदा.

आलेख झाला, चार कोपऱ्यांचा तुकडा रंगला. मुलगी एकेका टोकावर बोट ठेवी आणि आई सांगे. (५, ०) : "नुसत्या चकल्या. वेळ संपला, दोन डबे रिकामे." (०, ७) : "डबे भरले, तीन तास हातात." मधला कुठलाही बिंदू? "जमेल की. आरामात जमेल." तुकड्याबाहेरचा? "रात्री जागावं लागेल." रंगवलेला भाग म्हणजे काय, हे माझ्यापेक्षा तिनं चांगलं सांगितलं. दोन रेषा छेदतात तो कोपरा (३, ४) : ३६० आणि ३२०, एकूण ६८० रुपये. इतर टोकांना ६०० आणि ५६०. मुलीनं (३, ४) भोवती गोल केला आणि खाली दोन रेघा मारल्या. मुद्दाम, मोठ्या.

वडिलांशी माझं एकट्याशी बोलणं झालं ते थोडक्यात सांगते. त्यांना म्हटलं, महिनाभर तो शब्द घरात काढायचा नाही. चूक दिसली तर 'लक्ष कुठे होतं' न विचारता 'ही ओळ मला वाचून दाखव' म्हणायचं. उत्तर तुम्हाला येत नसलं तरी चालेल, उलट बरंच. त्यांनी सुरुवातीला दोनदा शब्द मोडला, हे मुलीनंच सांगितलं. पोटदुखी दोन-तीन आठवड्यांत कमी झाली. ती राहिली असती, झोप उडाली असती किंवा जेवण सुटलं असतं, तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. वह्या उघडून सगळंच सुटत नाही. चिन्हं अजून चुकतात का? चुकतात. परवाच नुसत्या < ला ठिपक्यांच्या रेषेऐवजी अखंड रेषा काढली होती. पण ती तिनंच पकडली.

धनत्रयोदशीला तिचा फोन आला. "काकू," आता मॅडम सुटलं होतं, "आई ऐकतच नाही. तीन किलोच्या वर चकली नको म्हटलं तर म्हणते, लोक चकलीच मागतात, चार किलो तर हवीच."

"मग?"

"मग काय, अट राहिली होती आपली. क्ष ≥ ४." पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. "चार आणि दोन. ६४० रुपये. एक डबा रिकामा राहतो." मग लांबून, आईला : "आई, शंकरपाळे दोनच किलो कर गं!"