स्वर कशातून निघतो? : कीबोर्ड वाद्यांचे सीमाशुल्क वर्गीकरण

प्रश्न (अलिबाग) : जर्मनीतील कारागिराकडून हार्प्सिकॉर्डचा पूर्ण संच सुट्या भागांत मागवून तो मी घरी जोडणार आहे. एजंट कागदपत्रांवर ‘पियानोचे सुटे भाग’ असे लिहू म्हणतो. ते चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि तसे लिहू देऊ नका. पियानोत हातोडी तारेवर आपटते. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की ‘जॅक’ नावाची उभी लाकडी पट्टी वर जाते आणि तिच्यात बसवलेले पिसाच्या कण्याचे किंवा प्लास्टिकचे टोक तार छेडते. दोन्ही वाद्यांत स्वर तारेतूनच निघतो, म्हणून दोन्ही सीमाशुल्क दरपत्रकातील 9201 या एकाच शीर्षकाखाली (वस्तूंच्या गटाच्या क्रमांकाखाली) येतात. मात्र उभा पियानो 9201.10, ग्रँड पियानो 9201.20 आणि हार्प्सिकॉर्ड 9201.90 असा पुढचा फरक आहे.

सुट्या भागांबाबत वर्गीकरणाचा नियम 2(क) स्पष्ट आहे : न जोडलेली वस्तू पूर्ण संच म्हणून एकत्र सादर झाली, तर ती जोडलेल्या वस्तूसारखीच धरली जाते. त्यामुळे सगळी खोकी एकाच बिल ऑफ एंट्रीवर (आयात मालाच्या घोषणापत्रावर) दाखवा आणि कारागिराकडून भागांची क्रमवार यादी आधीच मागवून ठेवा. उरणजवळच्या एका गोदामात अशाच संचाची तपासणी चालू असताना मी हजर होतो. जॅकची चळत पाहून अधिकाऱ्यांना ते विणकामाचे सामान वाटले. यादी आणि जोडणीचा नकाशा समोर ठेवल्यावर शंका तिथल्या तिथे फिटली. पुढे कधी नुसत्या तारा मागवल्यात तर त्या 9209.30 मध्ये जातील, आणि बसायचे स्टूल वाद्यासोबत आले तरी ते आसन म्हणून 9401 मध्येच जाते. वाद्य स्वतःच्या वापरासाठी असल्याने आयात-निर्यात कोड काढण्याची गरज नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : माझ्या डिजिटल पियानोत हार्प्सिकॉर्डचा आवाजही आहे. तो 9201 मध्ये येईल का?

उत्तर : नाही. स्वर विजेवर निर्माण होतो, म्हणून 9207.10. आवाज कोणत्या वाद्यासारखा आहे, याला इथे महत्त्व नाही.

प्रश्न (कुडाळ) : लंडनच्या भजनी मंडळासाठी दोन पेट्या पाठवायच्या आहेत. जुन्या निर्यात कागदांवर 9203 हा आकडा आहे. तोच लिहावा का?

उत्तर : तो आकडा आता अस्तित्वात नाही. जागतिक वर्गीकरणाच्या 2007 च्या सुधारणेत 9203 आणि 9204 ही दोन्ही शीर्षके रद्द होऊन त्यांतील वाद्ये 9205 मध्ये, म्हणजे वायुवाद्यांत, समाविष्ट झाली. पेटीला पट्ट्या असल्या तरी तिचा स्वर भात्याच्या हवेने थरथरणाऱ्या धातूच्या रिडांतून निघतो, हे ध्यानात घेतले की ही जागा पटते. दशावतारातली पायपेटीही तिथेच बसते. कागद जुना असला की आकडाही जुनाच उतरवला जातो, ही चूक मी वारंवार पाहतो.

प्रश्न (वेंगुर्ला) : नैरोबीत असलेला आमच्या आजोबांचा ग्रँड पियानो नातेवाईक आम्हाला भेट देत आहेत. तो शंभर वर्षांहून जुना असल्याचे सांगतात. शुल्क लागेल का?

उत्तर : शुल्काचे नंतर पाहू, आधी पांढऱ्या पट्ट्या पाहून घ्या. तिरक्या उजेडात पट्टीवर पुढचा रुंद भाग आणि मागचा अरुंद भाग यांच्यामध्ये केसाएवढी सांध्याची रेघ दिसली आणि पृष्ठभागावर बारीक नैसर्गिक रेषा असल्या, तर तो बहुधा हस्तिदंत आहे. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात बहुतेक देशांतील आफ्रिकी हत्ती 1990 पासून आहे, आणि भारतातील वन्यजीव कायदाही हस्तिदंताबाबत अत्यंत कडक आहे. पियानो घरचा आहे, जुना आहे, भेट आहे, या कारणांनी सूट मिळेल असे गृहीत धरू नका. वाद्य जप्त होऊ शकते. माझा सल्ला असा की नैरोबीतच जाणत्या कारागिराकडून पट्ट्यांवरचे हस्तिदंत उतरवून तिथे प्लास्टिक बसवून घ्यावे आणि कामाआधीची व नंतरची छायाचित्रे व कारागिराचा लेखी दाखला सोबत ठेवावा. आजोबांची बोटे ज्या पट्ट्यांवर फिरली त्याच काढायच्या, हे जिवावर येते, पण पियानो घरी पोहोचण्याचा भरवशाचा मार्ग मला हाच दिसतो.

वय खरोखरच शंभर वर्षांहून अधिक असेल, तर वाद्य 9201 ऐवजी पुरातन वस्तूंच्या 9706 मध्ये जाते. त्यासाठी कुटुंबाची आठवण पुरत नाही. आतल्या लोखंडी चौकटीवरील अनुक्रमांक टिपून त्यावरून निर्मितीचे वर्ष सिद्ध करा. शुल्क ठरवताना भेटवस्तूचे मूल्यही शून्य धरले जात नाही. जाणकाराकडून मूल्यांकन करून घ्या आणि वाहतुकीची व विम्याची पावती जपा, कारण त्या नसल्यास जहाजावर चढवेपर्यंतच्या मूल्याच्या 20 टक्के वाहतूक आणि 1.125 टक्के विमा असा हिशेब धरला जातो.

लाकडी खोक्यावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का असल्याची छायाचित्रासह खात्री करा, आणि जहाज पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास न्हावा शेव्याला लागेल असे पाहा. भर आषाढात कंटेनर यार्डात अडकून पडला, तर ध्वनिफळी फुगून पियानो खराब होण्याची भीती असते.