बॉक्स वे की रोलर एलएम? आधी तुमच्या मशीनचे तास मोजा

तुमचा प्रश्न असा: नवीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) घ्यायचंय, काम बरंचसं ॲल्युमिनियमचं, मधूनच स्टीलचं जड रफिंग (जास्त माल काढणारा पहिला कट). विक्रेता म्हणतो एलएम गाईड (रेलवर बॉल किंवा रोलरने सरकणारी स्लाइड) घ्या, जुने कारागीर म्हणतात बॉक्स वेशिवाय (सपाट पृष्ठावर थेट घासत सरकणारी स्लाइड) मजबुती नाही. मी दोन्हींवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘मजबुती’ म्हणजे काय ते बघू. भार आल्यावर स्लाइड किती दबते ही एक गोष्ट, आणि उठलेलं कंपन किती लवकर विरतं ही वेगळी. दबण्याच्या बाबतीत, नीट प्रीलोड दिलेला (आधीच दाब देऊन ढिलेपणा काढलेला) रोलर एलएम बॉक्स वेच्या फार मागे नाही. बॉक्स वे खरा पुढे आहे तो कंपनात. तिथे सॅडल (वरचा सरकणारा भाग) आणि बेड (खालचा पाया) मोठ्या सपाट पृष्ठावर टेकतात, मध्ये तेलाचा थर असतो आणि तो दाबला जाताना कंपन गिळतो. एलएममध्ये भार पेलतात ते बॉल किंवा रोलर, अगदी थोड्या जागेवर. लांब बोरिंग बार, मोठा फेस मिल, तुटक कट अशा कामांत हा फरक इन्सर्टच्या (टूलवरच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याच्या) धारेवर दिसतो.

पण मग घर्षण आलं. बीडावर बीड घासलं की घर्षणगुणांक ०.१ च्या पुढे जाऊ शकतो, टर्काइट (कमी घर्षणाची प्लास्टिकची पट्टी) चिकटवून स्क्रेप केलं (हाताने खरवडून सपाट केलं) तर बराच उतरतो, आणि बॉल एलएमचा असतो ०.००३ च्या आसपास. शिवाय बॉक्स वेवर थांबलेली स्लाइड हलवायला चालत्या स्लाइडपेक्षा जास्त जोर लागतो. एक-दोन मायक्रॉनची चाल दिली तर ती आधी अडून बसते, मग उडी मारते. वर्तुळ मिल करताना अक्ष जिथे उलटतो तिथे बारीक खूण उमटते, तिचं नेहमीचं कारण हेच. एका डायच्या फिनिशिंगला या खुणांपायी माझे तीन दिवस गेले. बॉलस्क्रू (स्लाइड पुढे-मागे नेणारा स्क्रू) तपासला, पॅरामीटर बदलून पाहिले, शेवटी गिब (स्लाइडचा ढिलेपणा कमी-जास्त करायची पट्टी) गरजेपेक्षा जास्त आवळलेली निघाली. सैल केली तर रफिंगला चॅटर (टूलची थरथर) सुरू. दोन्ही कामांना चालेल अशी जागा सापडेपर्यंत आणखी एक दिवस गेला.

एलएमची दुखणी वेगळी. बॉल गाईडवरचा भार दुप्पट झाला की हिशोबाचं आयुष्य आठव्या भागावर येतं. जोराची धडक बसली तर बॉल रेलमध्ये खळगे पाडतात आणि नंतर स्लाइड सरकवताना हाताला गुडगुड जाणवते. बॉक्स वे असा धक्का बहुधा सोसतो, आणि झिजला तर पुन्हा स्क्रेप करता येतो, मात्र त्याला तसा हात असलेला माणूस लागतो. एलएम बदलून टाकता येतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रेलखालचा बेड. रेल कितीही अचूक असली तरी बोल्ट आवळले की ती खालच्या पृष्ठाचा आकार घेते. म्हणून मी रेल कुठल्या कंपनीची हे नंतर विचारतो. बसवायची जागा ग्राइंड केलीय की नुसती मिल केलीय, आणि रेल खांद्याला (बेडवरच्या उभ्या कडेला) टेकवून बाजूने दाबली आहे का, हे आधी.

डव्हटेल (तिरप्या खाचेत घासत सरकणारी स्लाइड) आता मुख्यतः लहान किंवा जुन्या मशीनवर दिसतो. हायड्रोस्टॅटिक (पंपाने दाबलेल्या तेलावर तरंगणारी स्लाइड) ग्राइंडिंगला अप्रतिम, पण पंप आणि गाळलेलं, तापमान सांभाळलेलं तेल तुमच्या कामाला कशाला?

तुम्ही सांगितलेल्या कामात मशीन ढकलण्यापेक्षा पळतं जास्त, तेव्हा मी रोलर एलएमच घेईन, बॉलचा नाही. स्टीलचं रफिंग निम्म्या तासांवर गेलं तर बॉक्स वेकडे वळेन. पैसे देण्याआधी तुमचा सगळ्यात जड जॉब घेऊन जा, तोच कट तिथे मारून बघा. मग त्याच मशीनवर मंद फीडने एक वर्तुळ काढा आणि अक्ष उलटतो त्या चारही जागांवरून नख फिरवा.