रंगपेन्सिली, कवंडळं आणि पावसाळी कागद

चवथ जवळ आली की पत्रांचा विषय बदलतो. गेल्या महिन्यात सगळ्यांना आंबे काढायचे होते, आता सगळे माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगून सजवतात ती) मागे लागलेत, त्यामुळे ह्या वेळी रंग मिसळण्याचेच प्रश्न घेतलेत.

मी हौसेनं रंगपेन्सिलीनं चित्रं काढते. माटोळीतलं कवंडळ (ते लाल रानफळ) काढायला घेतलंय, पण कितीही जोर लावून घासलं तरी लाल रंगात पांढरे ठिपके राहतातच. रंग पसरवायची कागदाची सुरळी आणली, बोटानं घासून बघितलं, काही फरक नाही. ब्लेंडर पेन्सिल घेऊ का? – एक वाचक, डिचोली

घ्या, पण आधी हे वाचा. ते पांढरे ठिपके म्हणजे कागदाचे खड्डे. कागद डोळ्याला गुळगुळीत दिसला तरी त्याला बारीक दाणा असतो, रंग दाण्याच्या वरवर बसतो आणि खाली खड्डा कोराच राहतो. आता तुम्ही काय केलं, तर पहिल्याच थराला जोर लावला. त्यानं दाणा दबला, वर मेण चोपडलं गेलं, आणि मग पुढचा रंग धरायला कागदाला काही उरलंच नाही, पेन्सिल नुसती सरकते. कागदाची सुरळी कोळसा किंवा पेस्टलला छान चालते कारण ती भुकटी असते, रंगपेन्सिलीचा रंग मेणात नाहीतर तेलात बांधलेला, तो कोरडा घासून फारसा हलत नाही. बोट तर नकोच, आपल्याकडच्या घामट हवेत बोटाचा डाग तेवढा कागदावर राहतो.

नवीन कागदावर परत काढा. पेन्सिल टोकापासून लांब धरा, नुसतं तिचं वजन पडेल इतकीच, टोक अगदी अणकुचीदार करा आणि तांदळाच्या दाण्याएवढे गोल फिरवत जा. कवंडळाला आधी सगळीकडे पिवळा (जिथे चकाकी आहे तेवढा कागद कोरा सोडून), त्यावर केशरी, मग लाल. त्याच्या पोटावर केशरी पट्टे असतात ना, तिथे लाल चढवायचा नाही, केशरीवरच थांबायचं. सावलीला काळा घेऊ नका हो, काळ्यानं फळ भाजल्यासारखं दिसतं, लालच्या सावलीत गडद हिरवा हलका फिरवा आणि वर परत लाल किंवा मरून. ऐकायला विचित्र वाटतं पण रंगचक्रातले समोरासमोरचे रंग एकमेकांना दाबतात, त्यातून जो गडद लाल येतो तो जिवंत असतो. असे पाच-सहा थर झाले की अर्धे ठिपके आपोआप गेलेले असतात, कारण प्रत्येक वेळी टोक वेगळ्या खड्ड्यात शिरतं.

ब्लेंडर पेन्सिल आता, सगळ्यात शेवटी. ती म्हणजे रंग न घातलेली पेन्सिल, नुसतं मेण, जोरात घासलं की खालचे रंग एकमेकांत दाबून चकचकीत करते. ती मिळाली नाही तर फिकट केशरी किंवा क्रीम पेन्सिलनं तेच काम होतं. पांढरी वापरली तर लाल दुधाळ गुलाबी होतो, जांबाला चालेल, कवंडळाला नाही. आणि एकदा असं घोटलं की वर थर चढत नाही, म्हणून सावल्या आधीच पुऱ्या करा.

पेन्सिली कुठल्या ते तुम्ही लिहिलं नाही. शाळेच्या स्वस्त सेटमध्ये रंग कमी आणि भराव जास्त, त्यात थर चढवायला मर्यादा पडते. प्रिझमाकलर मेणाच्या, मऊ, पटकन मिसळतात. फेबर-कास्टेलच्या पॉलीक्रोमोस (1908 पासून बनतायत) तेलाच्या, जरा टणक, टोक टिकवतात. सगळा सेट घेऊ नका, सुट्या मिळत असतील तर पाच-सहा रंग घेऊन बघा.

व्हिडिओत बेबी ऑइल लावून रंग एकदम पेंटिंगसारखा झालेला दाखवतात. घरात बेबी ऑइल आहे, टर्पेंटाईन पण आहे. काय वापरू? – एक वाचक, फोंडा

दोन्ही चालतात आणि दोन्हीत गोम आहे. बेबी ऑइल म्हणजे खनिज तेल, ते सुकत नाही. थेंब जास्त झाला की कागदात पसरतं आणि रंगाच्या बाहेर पारदर्शक कड उमटते. मी एकदा शहाणपणा करून खोबरेल वापरलं होतं, नारळाच्याच चित्राला, म्हटलं शोभेल! दुसऱ्या दिवशी नारळाभोवती चार बोटं तेलाचा डाग, आणि पॅडमधल्या खालच्या तीन कागदांवरसुद्धा.

टर्पेंटाईन उडून जातं, डाग राहत नाही, पण वासानं डोकं धरतं आणि कातडीला पण चांगलं नाही. आर्टच्या दुकानात बिनवासाचं मिनरल स्पिरिट मिळतं, ते बरं. हार्डवेअरवाला थिनर देईल, तो घेऊ नका, ते वेगळंच जहाल प्रकरण आहे. हे द्रव मेण विरघळवतात, मग रंग स्वतःच खड्ड्यांत उतरतो. त्यासाठी कागदावर आधी दोन-तीन थर तरी हवेत, नाहीतर विरघळायला काही नसतंच. नायलॉनचा बारीक ब्रश बुडवायचा, फडक्यावर टिपायचा, जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे, मग फिकटाकडून गडदाकडे. अर्धा तास वाळू द्या, त्यावर परत पेन्सिल चढते, ही मोठी सोय. खिडकी उघडी ठेवा, समई-निरांजन जवळ नको, आणि उरलेलं मोरीत ओतू नका.

मुलगा पाचवीत आहे, रंगपेन्सिलीवर पाण्याचा ब्रश फिरवतो, काहीच होत नाही म्हणून रडतो. – एक आई, म्हापसा

साध्या पेन्सिलीत मेण आहे, पाणी त्यावरून घरंगळणार. त्याला वॉटरकलर पेन्सिली हव्यात, डब्यावर बहुतेक ब्रशचं चित्र असतं. बाय, त्याला सांग तुझं चुकलं नाही रे, पेन्सिलच वेगळी आहे.

गेल्या वर्षी काढलेल्या चित्रावर पांढरट थर आलाय. बुरशी का? फोटो पाठवतोय. – एक वाचक, साखळी

आपल्या गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे पहिला संशय बुरशीवर जाणं साहजिकच. पण बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते, कोऱ्या कागदावर पण येते आणि कुबट वास मारते. मेणाच्या पेन्सिलीचं मेण हळूहळू वर येतं, ते फक्त जिथे रंग जाड आणि गडद आहे तिथे, जांभळावर धूळ बसावी तसं. मऊ सुती फडकं हलक्या हातानं फिरवा, गेलं तर मेणच. परत येऊ नये म्हणून फिक्सेटिव्हचे (चित्रावरचा रंग धरून ठेवणाऱ्या द्रवाचे) पातळ फवारे मारतात, पण ते भर पावसात नको, दमट हवेत फवाराच पांढरा पडू शकतो, उघडीप मिळाली की बाहेर नेऊन मारा. तोवर चित्रांच्या मधे बटर पेपर घाला, फाइलमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि फाइल बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

तुमच्या फोटोत पांढरं फक्त वांग्यावर आणि सावलीत दिसतंय, कडेचा कागद स्वच्छ आहे. मेण आहे, पुसून टाका.