साठ दूध संस्थांमधील सॉफ्टवेअर आपोआप अपडेट कसे करावे?

आपण साठ गावांतील दूध संस्थांना संकलनाचे सॉफ्टवेअर पुरवता, प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी एनीडेस्क या दूरचा संगणक हाताळण्याच्या ॲपवरून एकेका सचिवांच्या संगणकावर जाता आणि त्यात आठवडा निघून जातो. हे काम आपोआप कसे होईल, असे आपण विचारले आहे. मीही अशाच संस्थांचे काम सांभाळतो, म्हणून अनुभवाचे सांगतो.

आपल्या कार्यालयातून साठ ठिकाणी अपडेट पाठवण्याचा विचार आधी सोडून द्यावा. कुठे ब्रॉडबँड असते, कुठे सचिवांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि आपण पाठवाल त्या वेळी गावात वीज असेलच असे नाही. त्याऐवजी प्रत्येक संगणकावर एक छोटी विंडोज सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, बसवावी आणि नवी आवृत्ती आली आहे का, हे तिनेच दर काही तासांनी आपल्या सर्व्हरला विचारावे. विनंती आतून बाहेर जात असल्याने राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडावा लागत नाही, आणि विंडोजमधील बिट्स ही डाउनलोडची सेवा वापरल्यास मध्येच तुटलेले डाउनलोड पुढे तिथूनच सुरू होते. फाइल आपलीच आहे हे दाखवणारी तिच्यावरील डिजिटल सही जुळल्याशिवाय ती चालवू नये, आणि सही करण्याची किल्ली अपडेटच्या सर्व्हरवर कधीही ठेवू नये. 2017 च्या जूनमध्ये युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच नॉटपेट्या हा संगणकांतील माहिती निकामी करणारा व्हायरस पसरला होता.

खरी अडचण पुढे आहे. एकदा आमच्या नव्या आवृत्तीने दरपत्रकाच्या टेबलातील एका कॉलमचे नाव बदलले. सकाळी सहाला कॅन घेऊन रांग लागलेली, वजनकाटा आणि फॅट मशीन आकडे देत आहेत, पण पावती निघत नाही, असा फोन आला. मी जुना प्रोग्रॅम परत बसवला, तर त्याला बदललेला डेटाबेस वाचता येईना, आणि सचिवांना ते सगळे संकलन वहीत लिहून घ्यावे लागले. तेव्हापासून आम्ही एका आवृत्तीत कॉलम फक्त वाढवतो, आणि जुना कॉलम सर्व संस्था नव्या आवृत्तीवर स्थिरावल्यानंतरच काढतो, म्हणजे प्रोग्रॅम एक पाऊल मागे घेता येतो. अपडेट दुपारी, दोन संकलनांच्या मध्ये होते. आधी डेटाबेसची प्रत घेतली जाते, जुना प्रोग्रॅम शेजारच्या फोल्डरमध्ये तसाच राहतो, आणि नवा प्रोग्रॅम सकाळच्या संकलनाची रक्कम पुन्हा काढून पाहतो. त्यात एका पैशाचाही फरक आला तर सर्व्हिस कुणालाही न विचारता जुन्या आवृत्तीवर परतते. शेतकऱ्याच्या बिलाचा प्रश्न असल्याने ही तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

सर्व संस्थांना एकाच दिवशी अपडेट देऊ नये. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाइल जगभर एकदमच गेली. कंपनीने ती सुमारे सव्वा तासात मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज संगणक बाधित झाले आणि त्यांतील असंख्य संगणक माणसांना जागेवर जाऊन दुरुस्त करावे लागले. आम्ही आधी तीन संस्था घेतो, त्यांचे दहा दिवसांचे बिल बिनचूक निघाले की पंधरा, आणि मग उरलेल्या. बिलाच्या आणि 31 मार्चच्या आसपास काहीही पाठवत नाही. प्रत्येक संस्था स्वतंत्र असल्याने लेखी संमती घ्यावी आणि सचिवांना अपडेट दोन दिवस पुढे ढकलण्याचे बटण द्यावे.

प्रत्येक सर्व्हिसने आपली आवृत्ती रोज सर्व्हरला कळवावी. ज्या संस्थेकडून चार दिवस काहीच आले नाही, तिथे फोन करून आधी संगणकावर आजची तारीख काय दिसते ते विचारावे. मदरबोर्डवरील बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र त्या तारखेला वैध ठरत नाही आणि जोडणीच होत नाही. नवी बॅटरी बसवून तारीख नीट केली की ती संस्था पुन्हा यादीत दिसू लागते.