साखर बंद, गूळ चालू

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे, वय ६३. साखर आणि भात त्यांनी पूर्ण बंद केला आहे. चहा गुळाचा, तोही दिवसातून तीनदा; दोन्ही वेळा शाळूच्या तीन-तीन भाकऱ्या; आणि येता-जाता मूठभर बेदाणे. तरी या वेळी एचबीए-वन-सी ८.६ आले. "घरच्या वस्तूंनी साखर कशी वाढेल?" असे ते विचारतात. शिवाय ते दोन्ही एकादशा धरतात. काय करावे?

उत्तर : तुमच्या सासऱ्यांनी काय सोडले हे सगळ्यांच्या लक्षात आहे; त्याच्या जागी काय आले, याचा हिशोब मात्र राहून गेलेला दिसतो. एचबीए-वन-सी ही तपासणी मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते. बहुतेक प्रौढांसाठी ती ७ टक्क्यांखाली असावी असे मानतात, आणि वय व इतर आजार पाहून डॉक्टर त्यात थोडी सूट देतात.

गुळात थोडी खनिजे असतात हे खरे. पण त्याचा फार मोठा भाग उसातली साखरच असतो, आणि रक्तात गेल्यावर ती घरच्या गुऱ्हाळातली की कारखान्यातली, याने काहीही फरक पडत नाही. एका कपात दहा ग्रॅम गूळ धरला, तरी तीन कपांत तीस ग्रॅम होतो. चहा तीनदाच घ्यायचा असेल, तर तो बिनगुळाचा घ्यावा. आठ-पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. बेदाण्यांचेही तसेच आहे. शंभर ग्रॅम ताज्या द्राक्षांत सुमारे १७ ग्रॅम कर्बोदके असतात, तर तेवढ्याच बेदाण्यांत पाणी उडून गेल्यामुळे ती ८० ग्रॅमच्या जवळ जातात. त्यामुळे हंगामात जेवणानंतर लगेच नव्हे, तर मधल्या वेळी दहा-बारा द्राक्षे खाल्लेली परवडतात. बेदाणे मात्र शेडवर गेल्यावर तोंडात टाकायची वस्तू राहू नयेत.

भाकरीबद्दल आपल्याकडे एक सोयीचा गैरसमज आहे. शाळूच्या पिठात चोथा चांगला असतो, म्हणून ती मैद्यापेक्षा निश्चित बरी; परंतु साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतही चाळीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, आणि तीन भाकऱ्यांची बेरीज कोणत्याही धान्याने लपत नाही. जेवणात एक, फार तर दीड भाकरी ठेवावी; उरलेली भूक अख्खा मसूर, मटकीची उसळ, वांगे, मेथी, काकडी आणि वाटीभर ताकाने भागवावी. उसळीवर तेलाचा तवंग नको, एवढे स्वयंपाक करणाऱ्यांनी पाहावे. माझ्या मते भात कायमचा सोडण्याचीही गरज नव्हती. भाकरी कमी करून अर्धी वाटी भात खाल्ला असता तर चालले असते.

एकादशीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो केवळ खिचडीचा नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा आला की साखर झपाट्याने चढते. उपवासाला थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, दही आणि काकडीची कोशिंबीर हा त्यामानाने बरा पर्याय आहे. परंतु ते ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी अथवा इन्सुलिन घेत असतील, तर निरंकार उपवासात साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, भोवळ अशी लक्षणे दिसताच किंवा रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास पंधरा ग्रॅम ग्लुकोज, किंवा ते नसल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. उपवासाच्या दिवशी गोळी किती व कधी घ्यायची, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. मनाने ती बंद करू नये.

प्रश्न : साताऱ्याहून पाहुणे 'शुगर फ्री' कंदी पेढे आणतात. ते मोकळेपणाने खावेत का?

उत्तर : नाही. वरून साखर घातलेली नसली, तरी खव्यात दुधाची साखर आणि भरपूर स्निग्धांश असतोच. एक पेढा पुरे.