मित्र सूड घ्यायला निघालाय. मी त्याच्याबरोबर पेटू की शांत राहू?

तुम्ही लिहिलंय, मित्राच्या धंद्यातल्या भागीदाराने दिलेला चार लाखांचा चेक म्हापशाच्या बँकेतून परत आला आणि मित्र आता त्याची गाडी फोडायला निघालाय. ‘शांत हो’ म्हटलं तर म्हणतो, तुला माझं काही पडलेलं नाही.

त्याचं बरोबर आहे. ज्याचे चार लाख अडकले त्याला ‘देव बघून घेईल’ सांगणं म्हणजे त्याला एकटं पाडणं. पहिली रात्र त्याच्या बाजूने भडका. त्याला शिव्या घालू द्या, दोन तुम्हीही घाला. फक्त बारमध्ये नको. घरी सोप्यावर बसा, पेज वाढा आणि त्याचा मोबाईल तुमच्याकडे ठेवा. ‘हातपाय मोडतो’ असा एक व्हॉइस मेसेज गेला की फसवणाराच फिर्यादी होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली साध्या धमकीला 2 वर्षांपर्यंत आणि जीवे मारण्याच्या किंवा जबर दुखापतीच्या धमकीला 7 वर्षांपर्यंत कैद आहे. ठरवून गाडी फोडायला दोघे गेलात, तर दगड कोणाच्या हातातला होता याने फरक पडत नाही. कलम 3(5) खाली दोघेही सारखेच अडकता.

सकाळी मात्र तुमचं डोकं थंड पाहिजे. चेकसोबत बँकेने दिलेला रिटर्न मेमो, म्हणजे चेक का परत आला ते लिहिलेली चिठ्ठी, मित्राकडून मागून घ्या आणि तो कधी मिळाला ती तारीख कॅलेंडरवर लिहा. तिथून 30 दिवसांत भागीदाराला पैसे मागणारी लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला त्याला 15 दिवस, ते उलटले की एका महिन्यात कोर्टात तक्रार. रागावलेली माणसं नेमके हेच 30 दिवस ‘धडा शिकवतो’ म्हणण्यात घालवतात. मुदत हुकली असेल आणि चेकवरच्या तारखेला 3 महिने झाले नसतील, तर चेक पुन्हा बँकेत टाकता येतो. नोटिशीत चेकचा आकडा तंतोतंत लिहा. व्याज आणि खर्च त्यात मिसळले की समोरचा वकील तेवढ्यावरच केस पाडायला बघतो. पत्ता दोनदा तपासा, पोस्टाची पावती जपा. गुन्हा सिद्ध झाला तर 2 वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खटला चालू असतानाच 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई कोर्ट देऊ शकतं. गाडीची काच फोडून यातलं काय मिळणार?

आणि ‘स्थितप्रज्ञ हो’ म्हणून गप्प बसवणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘युध्यस्व विगतज्वरः’ म्हटलंय. ज्वर उतरव आणि लढ. लढू नको असं कुठे म्हटलंय? अन्याय गिळून बसण्याला वैराग्य म्हणणं मला खोटेपणा वाटतो.

देवळात गाऱ्हाणं घालतो, कौल लावतो म्हणाला तर अडवू नका. मूर्तीला लावलेली पाकळी कुठल्या बाजूने पडते हे बघत बसलेला माणूस तेवढा वेळ तरी रस्त्यावर नसतो.

हे सगळं चेक उसने किंवा हिशेबाचे पैसे फेडायला दिला होता असं धरून. नुसता विश्वासावर ठेवायला दिलेला असेल तर आधी वकिलाला दाखवा. आणि मित्राने कोयता हातात घेतला असेल तर यातलं काही करत बसू नका, 112 लावा. तो महिनाभर बोलणार नाही, त्याची तयारी ठेवा.